थोडा मोठा रंकाळा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला माणूस नारळी पौर्णिमेला मालवणला गेला की काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या ओळखीत असा एक तरी असणार. नसेल तर तो तुम्हीच. पहाटे पाचला निघायचं ठरलेलं असतं. साडेसातला अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी पहिली गाडी लागते, आठला ‘आलोच की भावा, पाच मिनिटं’ असा फोन होतो, आणि नऊला निघालेली मंडळी गावाची हद्द ओलांडायच्या आत मिसळीला थांबतात. कारण काय, तर ‘खाली काय मिळतंय कुणास ठाऊक.’ खाली म्हणजे कोकण. हजारो वर्षं माणसं जिथं जेवून-खाऊन आहेत, तिथं उपासमार होईल अशी भीती बाळगून कट तीनदा मागवला जातो. गगनबावड्याची वाट रंकाळा तलावाच्या कडेनंच जाते. तिथं गाडीचा वेग आपोआप उतरतो, काचा खाली होतात आणि सगळेजण पाण्याकडं एकदा बघून घेतात. पुढं करूळचा घाट, वैभववाडी, कणकवली, कसाल असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता कापून गाडी मालवणच्या बंदरावर येते. समोर अरबी समुद्र. श्रावणातला, खवळलेला, पार क्षितिजापर्यंत. मंडळी क्षणभर गप्प होतात. मग जो सगळ्यात वडीलधारा असतो तो निकाल देतो : ‘मोठा हाय. पण रंकाळ्याला कठडा हाय.’

याला लोक बढाई म्हणतात. ‘जगात भारी कोल्हापुरी’ हे गाड्यांच्या मागं लिहून लिहून या माणसांचं डोकं फिरलं आहे, असं पुण्या-मुंबईकडचे म्हणतात आणि मालवणचे तर तोंडावर म्हणतात. मला हे मान्य नाही. बढाई मारणारा दुसऱ्याच्या वस्तूकडं बघतच नाही; त्याला आपलं सांगायची घाई असते. पेठकर बघतो. अगदी निरखून बघतो, आणि मग ती वस्तू उचलून रंकाळ्याशेजारी ठेवतो. हे मोजमाप आहे, आणि ते तो सरसकट सगळ्यांना लावत नाही. मुंबईची चौपाटी बघून तो ‘गर्दी लई’ एवढंच बोलतो. तिथं रंकाळ्याचं नाव काढत नाही. बंगळुरूचे तलाव, हैदराबादचा हुसेनसागर यांच्या वाट्यालाही ते भाग्य येत नाही. एखाद्या पाण्याची रंकाळ्याशी तुलना व्हावी, हा पेठेच्या लेखी मान आहे, आणि तो मान तो मालवणच्या समुद्राला दिवसभर, कुणी मागितलेला नसताना, देत राहतो.

पुरावाच हवा असेल तर त्या दिवसभरात तो काय काय म्हणतो ते क्रमानं बघा. समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडं बोट दाखवून सांगतो, ‘पाण्यात बांधकाम आमच्यात पण हाय, संध्यामठ.’ रंकाळ्यातला हा संध्यामठ पाणी चढलं की बुडतो आणि उतरलं की दिसतो. सिंधुदुर्गाचा तट साडेतीनशे वर्षं लाटा अंगावर घेत उभा आहे. पण हा तपशील झाला. लाट फुटून तोंडावर तुषार येतात तेव्हा म्हणतो, ‘वारं सुटलं की रंकाळ्याच्या पण येतात अशाच.’ भेळेची गाडी दिसली की, ‘चौपाटी आमच्यात पण हाय.’ आणि हे खोटं नाही, रंकाळ्याला खरोखरच चौपाटी आहे, तिथं भेळही मिळते. सूर्यास्ताची वेळ होते. श्रावणातले ढग, सूर्य दिसतच नाही. दुसरा कुणी असता तर हळहळला असता. पेठकर समाधानानं मान हलवतो : ‘शालिनी पॅलेसच्या बाजूला दिसला असता आज.’ तिथंही तेच ढग असणार, हे त्याला सांगून उपयोग नाही. पण सगळ्यात मोलाचा पुरावा याच्या पुढचा. पाण्याकडं बराच वेळ बघून झाल्यावर तो जरा कमीपणानं म्हणतो, ‘हितं जलपर्णी न्हाई.’ ज्या जलपर्णीवरून रंकाळ्यासाठी मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, पेपरांचे रकाने भरले, तिचा समुद्रात अभाव त्याला टोचतो. ज्याला नुसती फुशारकी मारायची असते तो आपल्या घरातली घाण मोजमापात धरत नाही. हा धरतो. एवढा प्रामाणिक मापारी कुठल्या वजनमापे खात्यात सापडेल?

आता सणाकडं येऊ. मालवणची नारळी पौर्णिमा हा बघण्यासारखा सोहळा आहे. दुपारनंतर नारळाची मिरवणूक निघते, बंदरावर पाय ठेवायला जागा उरत नाही, किल्ल्यावरचा मानाचा नारळ आणि मग गावाचा नारळ समुद्राला दिला जातो, आणि दर्याला आता शांत हो अशी विनंती होते. राज्याची मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते, पण सरकारी तारीख काही असो, नारळ पडल्याशिवाय होडी लोटायची नाही असं मानणारे लोक अजून आहेत. ज्याच्या घरचं कुणी समुद्रावर जातं, त्याच्यासाठी हा नारळ म्हणजे नवस आहे. पेठकराला हे सगळं कळतं, मानाचा नारळ आला की तो पटकन हातही जोडतो. पण मिरवणुकीत हलगी नाही, घुमकं नाही, कैताळ नाही हे त्याच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. आणि मग बंदरावर नारळ लढवायला सुरुवात होते. एकानं नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्यानं आपला त्यावर हाणायचा, ज्याचा फुटला त्याचा नारळ गेला. इतका साधा खेळ. यात पेठकर उतरला की दोन मिनिटांत त्याचं खासबाग होतं. नारळ कानापाशी नेऊन हलवला जातो, नखानं वाजवला जातो, पाणी कमी आहे का, करवंटी जाड आहे का, डोळ्याची बाजू वर घ्यायची की शेंडीची, यावर तालमीतल्या वस्तादानं पट्ठ्याबद्दल बोलावं तसं बोलणं होतं. गाडीतल्या आठ जणांचे दोन गट पडतात. एकाची बायको मंगळवार पेठेतली असते, म्हणून त्याला नाइलाजानं मंगळवार पेठ व्हावं लागतं. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाचा सामना असावा तशी आरडाओरड होते. समोरची मालवणी बाई, डोक्यावर पदर, हातात एकच नारळ, काही न बोलता या आठही जणांचे नारळ फोडून पिशवीत टाकते. ‘खंयसून इलात?’ एवढंच विचारते. ‘कोल्हापूर.’ ‘व्हय,’ म्हणते, आणि पुढच्याकडं वळते. त्या एका ‘व्हय’नं जो समाचार घेतला जातो तो कुठल्याही टीकाकाराला जमलेला नाही. पेठकराचं उत्तर तयार असतं : ‘नारळ हितलाच होता, फितूर झाला.’

जेवणाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण पौर्णिमा श्रावणातली. ज्यानं महिनाभर श्रावण पाळायचा शब्द घरी दिलेला आहे, त्यानं माशांच्या गावात करायचं काय? यावर पेठेचं धर्मशास्त्र स्पष्ट आहे : श्रावण घाटावरचा असतो, करूळ उतरलं की लागू नाही. मालवणात मात्र कित्येक घरांत त्या दिवशी नारळीभात शिजत असतो आणि यजमान सोवळ्यात असतो, म्हणजे यानं मोडलेला श्रावण त्यानं पाळलेला असतो. खाणावळीत मासे असतात. पेठकर ताट मागवतो, आणि मग मालवणच्या प्रत्येक खाणावळवाल्याला तोंडपाठ असलेला प्रश्न विचारतो, ‘पांढरा मिळंल काय?’ नाही म्हटल्यावर सोलकढीकडं संशयानं बघतो, एक घोट घेतो, आणि तिला पांढऱ्या रश्श्याची लांबची, जरा लाजाळू नातेवाईक म्हणून मान्यता देतो. त्यानंतर सहा वाट्या पितो. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा इथं आहे. ज्या पांढऱ्या रश्श्यावर कोल्हापूरचा एवढा जीव, त्यात मटणाच्या अळणी पाण्याइतकंच महत्त्व नारळाच्या दुधाला आहे, आणि नारळ ही घाटाखालची दौलत आहे. मालवणच्या नारळीभातात गूळ पडतो, आणि गुळाचं नाव निघालं की कोल्हापूरचं नाव निघतं. बैलांच्या तांड्यांपासून आजच्या ट्रकांपर्यंत याच घाटांनी नारळ, मीठ, सुके मासे वर चढले आणि गूळ, धान्य खाली उतरलं. पेठकराला त्या ताटात फक्त गूळ दिसतो. ‘गूळ आमचा,’ म्हणतो. आपल्या रश्श्यातला नारळ कुणाचा, हे कोण विचारणार त्याला? पण चव ओळखीची वाटते म्हणूनच तो सहा वाट्या पितो, एवढं कळायला तर्कशास्त्र लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की सगळीकडं कोल्हापूरच बघायचं असेल तर घरी बसावं. रंकाळ्यावर एक फेरी मारावी, पेट्रोलही वाचेल. आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण मग नवरात्रात अंबाबाईला आलेला मालवणी माणूस काय करतो ते बघा. दर्शन झालं की त्याचं पहिलं काम म्हणजे हॉटेलात सुरमई मागवणं आणि ती ताजी नाही म्हणून नाक मुरडणं. पुणेकराबद्दल तर बोलायलाच नको. तो पुण्यात असतानाच दुसऱ्या पेठेला आपल्या पेठेच्या मापानं मोजतो. नवीन जागा कोऱ्या डोळ्यांनी बघणारा माणूस मला अजून कुणी दाखवलेला नाही. फरक असेल तर एवढाच, की बाकीचे आपली मोजपट्टी खिशात लपवतात आणि पेठकर ती हातात धरून, मोठ्या आवाजात आकडे पुकारत, बंदरावर हिंडतो. आणि ज्याला खरोखर घरचंच हवं असतं तो दरवर्षी येत नाही. हा येतो. येताना वाढती माणसं घेऊन येतो.

दुसरा आक्षेप मात्र खोडता येत नाही, आणि तो मी खोडणारही नाही. मोजमापाला हरकत नाही, पण हा माणूस मोजता मोजता चारचाकी वाळूत घालतो. भरती चढायला लागली की ती गाडी रुतते, मग ज्या मच्छिमारांच्या सणाला हा आला त्यांनीच सण सोडून दोरखंड आणायचे आणि यानं म्हणायचं ‘लावा जोर.’ बाटल्या किनाऱ्यावर, गाणी कानठळ्या बसवणारी, आणि करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला खाऱ्या पाण्यात भिजल्या की त्याचाही दोष मालवणला. याहून वाईट म्हणजे पोहणं. रंकाळ्यात आणि पंचगंगेच्या पुलावरून उड्या मारून शिकलेला माणूस समुद्रालाही ओळखीचंच पाणी समजतो. श्रावणातल्या समुद्राला खालून ओढ असते, ती वरून दिसत नाही, आणि तळ्याच्या पोहण्यात तिच्याशी गाठच पडलेली नसते. स्थानिक माणूस हाका मारत असतो आणि हा कमरेपर्यंत आत गेलेला असतो. इथं माप चुकलं की माणूस जातो, आणि दर पावसाळ्यात किनाऱ्यावरची एखादी तरी बातमी हेच सांगते. यात विनोद नाही.

तिसरा आक्षेप इतिहासवाल्यांचा. पेठकर मालवणात पाहुण्यासारखा न वागता मालकासारखा वागतो, हा अधिकार त्याला कुणी दिला? तो स्वतः याचं उत्तर अगदी चुकीचं देतो. किल्ल्यावरच्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरींची नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. अशी नावं कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराशिवाय कुणाला सुचणार, असा त्याचा युक्तिवाद असतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा मुहूर्त झाला हे त्याला पाठ असतं आणि बाकी इतिहास तो तिथंच थांबवतो. पण खरी गंमत पुढं आहे. महाराणी ताराबाईंच्या नंतरच्या काळात मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होते. कोल्हापूरला आरमार होतं, आणि त्यानं इंग्रजांच्या व्यापारी गलबतांना इतकं सतावलं की इंग्रज मालवणच्या खलाशांना सरळ चाचे म्हणत. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं बारसं केलं, आणि पुढच्याच वर्षी पैशाच्या बोलीवर कोल्हापूरला परत दिला. शेवटी १८१२ च्या तहात मालवणचं बंदर आणि किल्ला कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले. किल्ल्यावर राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, त्याला पुढं सभामंडप बांधून दिला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी; म्हणजे बंदर गेल्यावरही नातं तुटलेलं नव्हतं. तेव्हा पेठकराची मालकी अगदीच हवेतली नाही. त्याची वकिली वाईट, पण दावा खरा. दोनशे वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या वाड्यापुढून जाताना नातवंडं जशी उगाच रेंगाळतात आणि ‘आमचा याहून मोठा आहे’ असं काहीतरी बोलतात, त्यातला हा प्रकार आहे.

आणि मोजायला रंकाळाच का, याचंही कारण आहे. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थ बुजलं, तिथं भाजी मंडई झाली. शिवाजी पेठेचं स्वतःचं तळं होतं, वरुणतीर्थ. ते बुजवून गांधी मैदान झालं. आजही मोठा पाऊस झाला की त्या मैदानात पाणी साठतं, पोरं फुटबॉल थांबवून कडेला उभी राहतात आणि म्हातारी माणसं म्हणतात, तळं आपली जागा सोडत नाही. समुद्र तहात गेला, पेठेतलं तळं मातीखाली गेलं. पेठेच्या जवळ चालत जाऊन बसता येईल असं एक रंकाळा उरला. नदी आहे, पण तिनं कोकणाकडं पाठ फिरवलेली आहे. गगनबावड्याच्या एकाच ढगातला पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो, आणि पूर्वेला पडलेला कुंभीतून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि सगळं दख्खन पालथं घालून बंगालच्या उपसागरात. घाट उतरला की समुद्र, पण कोल्हापूरच्या पाण्याला तो मिळत नाही. माणसांना मिळावा म्हणून कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची घोषणा झाली. ती गाडी अजून कागदावरच धावते आहे.

म्हणून या माणसाची एकच गोष्ट मी जवळून बघायला सांगेन. नारळ पडला, गर्दी पांगायला लागली, की तो जेटीच्या टोकाला जातो. भिजलेल्या चपला एका हातात, दुसऱ्या हातात फोन. ऑगस्टचा महिना असतो, घाटावर पाऊस असतो. ‘राजाराम बंधाऱ्याला किती हाय?’ पलीकडून फूट आणि इंच सांगितले जातात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पंचगंगेचे हे आकडे त्याला मुलांच्या वाढदिवसाइतके पाठ. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा गावात नावा फिरल्या होत्या आणि तालमींची पोरं गळ्याइतक्या पाण्यातून माणसं बाहेर काढत होती. २०२१ च्याच मे महिन्यात तौक्ते वादळानं या मालवणच्या किनाऱ्याला झोडपलं होतं. शेजारी उभा असलेला होडीवाला ते आकडे ऐकतो आणि विचारतो, ‘पाणी वाढता काय?’ ‘हाय जरा.’ मग दोघं काही बोलत नाहीत. ज्यांच्या दारात पाणी येऊन गेलं आहे त्यांचं पाण्याविषयीचं बोलणं एवढंच असतं. थोड्या वेळानं पेठकर समोरच्या किल्ल्याकडं मान वळवतो आणि होडीवाल्याला सांगतो, ‘मामा, तुमचा समुद्र भारी हाय. रंकाळ्यापेक्षा थोडा मोठाच.’ होडीवाला हसतो. त्याला प्रशंसा झालेली कळते. ती कुणाकुणाला कळत नाही, हे त्यांचं दुर्दैव.

तेव्हा मालवणकरांना विनंती, की या माणसाशी क्षेत्रफळावरून वाद घालू नका. त्याला सोलकढी द्या आणि पाण्यापासून लांब ठेवा. आणि पेठकरांनो, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. नारळी पौर्णिमेला तुम्ही जेटीवर उभे राहून किल्ल्याला जायची होडी मागता आणि ती नाही म्हटल्यावर चिडता. पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते. समुद्र निवळला की सप्टेंबरात सुरू होते. तेव्हा या, आणि गाडी रस्त्यावरच लावा.